एफ८बी इंजिन (मारुती ८००)
सुझुकीचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. धारिता ७९६ घन सेंमी. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी, दट्ट्याचा फेरा ७२ मिमी. शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती. ठोकळा बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये व पुढे ओम्नीतही ते होते. ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले.

इंजिन मुळात दणकट. बहुतेक दुखणी उष्णतेची. नांदेड-लातूरकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरले, की क्षारांचा थर साचून नळ्या चोंदतात, इंजिन तापते, हेड वाकते आणि गॅस्केट उडते. मग तेलात पाणी उतरून ते दुधाळ होते. केवळ गॅस्केट बदलून भागत नाही; हेडचे फेसिंग करावेच लागते. पंख्याचा थर्मोस्विच बिघडल्यासही हेच घडते, आणि ती तपासणी सर्वांत स्वस्त!

जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत धुळीने जेट तुंबतात, पॉइंट झिजून इंजिन मिसिंग करते. टायमिंग बेल्ट पूर्वसूचनेविना तुटतो. तीन सिलिंडरमुळे न्यूट्रलवर होणारी थरथर मात्र स्वाभाविक. ती फार वाढल्यास माउंटिंग रबर पाहावे.