झटक्याच्या आधीचे औषध

दम्यावरील औषधांचा जुना इतिहास वाचला की एक गोष्ट डोळ्यांत भरते: जवळपास सगळे उपाय झटका आल्यानंतरचे. मद्रासकडे दमेकरी धोत्र्याची मुळे चिलमीतून ओढत. १८०२ मध्ये जनरल जेंट यांनी हा उपाय ब्रिटनमध्ये नेला आणि पुढे शतकभर तिथे धोत्र्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. (हसू नका, धोत्र्यातील द्रव्ये आवळलेल्या श्वासनलिका खरोखरच सैल करतात.) नंतर आयसोप्रिनालिनचे फवारे आले. तेही झटक्यानंतरचेच.

श्वासनलिका आवळूच नये, यासाठी काही करता येईल का?

या प्रश्नाचा पाठपुरावा रॉजर आल्टुन्यान (१९२२–१९८७) यांनी केला. आर्मेनियन-इंग्रज कुळातले हे डॉक्टर सीरियात जन्मले आणि स्वतः दमेकरी होते. आर्थर रॅन्समच्या ‘स्वॉलोज अँड अमेझॉन्स’मधला धाकटा रॉजर त्यांच्यावरूनच बेतलेला. १९५६ मध्ये सीरिया सोडावा लागल्यावर ते इंग्लंडमधील बेंजर प्रयोगशाळेत रुजू झाले.

इजिप्तमधील खेल्ला या वनस्पतीत खेलिन नावाचे स्नायू सैल करणारे द्रव्य असते. रसायनतज्ज्ञ त्याच्यापासून नवनवी संयुगे तयार करत आणि आल्टुन्यान ती स्वतःवर तपासत. आधी संयुग श्वासावाटे घ्यायचे, मग गिनीपिगच्या केसांचा अर्क. त्याची त्यांना ॲलर्जी होती. छाती आवळली, की स्पायरोमीटरमध्ये फुंकर मारून किती आवळली ते मोजायचे. हे वर्षानुवर्षे, शेकडो वेळा!

१९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेट हाती लागले. ते आवळलेली नलिका मुळीच सैल करत नाही. आधी घेतले, तरच ॲलर्जीची साखळी रोखते. नलिका सैल करणाऱ्या द्रव्यांच्या नेहमीच्या चाचणीत ते बादच झाले असते. म्हणूनच मला हा स्वप्रयोग निव्वळ धाडस वाटत नाही. त्या प्रश्नाला योग्य अशी चाचणीच दुसरी नव्हती. अर्थात, एकाच देहावरचा पुरावा तोकडा, आणि संयुगे घडवणाऱ्या रसायनतज्ज्ञांची नावे या कथेत हमखास गळतात, हेही खरे.

ही भुकटी फुप्फुसांत पोहोचवायची कशी? महायुद्धात वैमानिक असलेल्या आल्टुन्यान यांना विमानाचा पंखा आठवला. श्वास ओढताच इवला पंखा फिरून भुकटी उधळणारा ‘स्पिनहेलर’ त्यातून साकारला.

१९७२ मध्ये श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड, बेक्लोमेथासोन, बाजारात आले. ते अधिक प्रभावी ठरले आणि क्रोमोग्लायकेट मागे पडले. आज ते बहुधा ॲलर्जीवरील डोळ्यांच्या थेंबांत भेटते.