आज्ञावलीची साक्ष : पुणे परिसरातील दोन प्रसंग

तळवडे येथे सॉफ्टवेअर कंपन्यांची वसाहत आहे. तेथून चाकणचे मोटार-कारखाने फार दूर नाहीत. आज्ञावली लिहिणारे आणि तिच्यावर चालणारी वाहने घडविणारे असे शेजारी झाल्यामुळे, आज्ञावलीवर विश्वास कशाच्या आधारे ठेवावयाचा हा प्रश्न या भूभागात केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

त्याचा शास्त्रीय विचार पुण्यात प्रामुख्याने टाटा समूहाच्या, १९८१ मध्ये स्थापन झालेल्या, संशोधन व विकास केंद्रात झाला. पास्कल भाषेच्या कंपायलरवर झुरिच येथे काम केलेले केशव नोरी पुढे याच केंद्रात होते. आज्ञावली प्रत्यक्ष न चालविता तिच्या सर्व संभाव्य वाटा तपासावयाच्या, शून्याने भागाकार किंवा मर्यादेबाहेरची संख्या कोठे उद्भवते ते हुडकावयाचे, अशी ही पद्धती. तिच्यात खोटे इशारे फार निघतात. आणि जे साधन वारंवार खोटे ओरडते त्याचा खरा इशाराही दुर्लक्षिला जातो, हे सांगावयास नको. या केंद्राच्या ‘व्हेरिॲब्स’ या साधनाने २०२० च्या आंतरराष्ट्रीय पडताळणी-स्पर्धेत एका प्रमुख विभागात पहिला क्रमांक मिळविला. तेथील एक दंडक मोलाचा आहे: आज्ञावलीत दोष आहे असे म्हणणाऱ्या साधनाने, दुसऱ्या साधनाला स्वतंत्रपणे तपासता येईल अशी साक्ष सादर करावयाची. विश्वास साधनावर नव्हे, पुराव्यावर.

परंतु निर्दोष आज्ञावली विश्वासार्ह असतेच काय? फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. २०१५ मध्ये या समूहाच्या काही डिझेल इंजिनांतील आज्ञावली चाचणीचा प्रसंग ओळखून तेवढ्यापुरता धूर आटोक्यात ठेवते, हे अमेरिकेत उघड झाले. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने येथील गाड्या तपासल्यानंतर कंपनीने त्याच वर्षी डिसेंबरात भारतातील ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. येथे भागाकार चुकला नव्हता. आज्ञावलीने सांगितलेलेच केले होते. सांगितले काय होते, हे मात्र बाहेरच्या कोणास वाचावयास मिळाले नव्हते. लबाडीचा सुगावा लागला तोही वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धावत्या गाड्यांच्या धुराचे मापन केल्यामुळे.

भारतातही १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणी सक्तीची झाली. तत्पूर्वी, २०१७ मध्ये, जर्मन व अमेरिकन संशोधकांनी इंजिन-नियंत्रकांतील यंत्रभाषा उलगडून तो लपविलेला भाग वाचून दाखविला; आणि मग न चालविता तपासण्याच्या त्याच पद्धतीने ९०० हून अधिक आज्ञावल्या पारखल्या. काय शोधावयाचे हे तोवर ठाऊक झाले होते.