रावेरच्या रुळांवरून गेलेल्या मुली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जबलपूर, इटारसी, खांडवा, बऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ हा लोहमार्ग १८७० पासून मुंबईला जोडलेला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली पुण्याकडे आणल्या. तिकडून येण्याची सरळ वाट हीच.

रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळातच गेले होते. त्यामुळे भुकेचे दुःख त्यांना ठाऊक होते. पण मध्य प्रांतात त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मदत देण्यासाठी उघडलेल्या गरीबखान्यांतच निराधार मुली सुरक्षित नव्हत्या. जिथे आसरा, तिथेच धोका! हे त्यांनी लिहून जगापुढे मांडले.

त्याच वर्षी पुण्यात प्लेग आला. प्लेगच्या बंदोबस्तात आपल्याकडील मुलीच्या झालेल्या हेळसांडीबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने ते आरोप फेटाळले. रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या आणि राज्यकर्तेही ख्रिस्तीच होते. म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उघडले. जिच्यावर अन्याय झाला तिलाच कलंक लावणाऱ्या समाजात ‘कृपा’ या शब्दाचा हा अर्थ नवा होता.

धर्मशास्त्राचा खरा प्रश्न इथेच येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील १८ वा अध्याय पाहा. चुकलेल्या भावाला आधी एकांतात सांगावे, पुनःपुन्हा क्षमा करावी, ही शिकवण त्यात आहे. तिचाच आधार घेऊन अनेक ठिकाणी मुलांवरील अत्याचार चार भिंतींत मिटवले गेले. परंतु त्या अध्यायाची सुरुवात कशाने होते? येशू एका बालकाला मध्ये उभे करतो आणि अशा लहानग्यांना अडखळवणाऱ्यांना अत्यंत कठोर इशारा देतो. आधी बालक, मग क्षमा, असा हा क्रम आहे. पीडित मुलाला ‘माफ कर आणि विसर’ म्हणणारा पाळक हा क्रमच उलटा करतो.

२००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात धर्मगुरूंची अशी प्रकरणे वृत्तपत्राने उजेडात आणली. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू व जोगिणींना अशी माहिती चर्चच्या वरिष्ठांना कळवणे बंधनकारक केले. आपला २०१२ चा पॉक्सो कायदा त्याहून पुढे जातो. ज्याला गुन्ह्याची माहिती आहे, त्याने ती पोलिसांना दिलीच पाहिजे. लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चर्च असो, मठ असो, मदरसा असो की सातपुड्याच्या पायथ्याची आश्रमशाळा, नियम एकच.

संस्थेची अब्रू मोठी की लेकराचे रडणे? रमाबाईंनी याचे उत्तर १८९७ मध्येच देऊन ठेवले आहे. आपल्या गावात असे काही कानावर आले, तर १०९८ हा क्रमांक फिरवायला एक मिनिट लागतो. तेवढे धैर्य आपण दाखवू या.