वरच्या जबड्याचा विस्तार : दंत व अस्थिगत परिणामांच्या अभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना :
अरुंद वरचा जबडा स्क्रूच्या साधनाने रुंद करणे हा दात व जबडे सुस्थितीत आणणाऱ्या ऑर्थोडॉन्टिक्स शाखेतील एक जुना उपचार होय. या उपचाराने केवळ दात बाहेर झुकतात की टाळूच्या मध्यरेषेवरील अस्थिसंधीही उघडतो, हा या इतिहासातील मूळ वाद आहे. प्रस्तुत लेखात या वादाचा आढावा घेऊन अंबाजोगाई परिसराच्या संदर्भात त्याचे महत्त्व मांडले आहे.

वादाचा उगम :
सन 1860 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील दंतवैद्य एमर्सन अँजेल यांनी एका चौदा वर्षीय मुलीवरील उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोन आठवड्यांत तिच्या पटाशीच्या पुढच्या दोन दातांत फट पडली. त्यावरून जबड्याची दोन्ही हाडे विलग झाली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तत्कालीन जाणकारांनी त्याबाबत शंका घेतली. क्ष-किरणांचा शोध 1895 मध्ये लागला. तत्पूर्वी अँजेल यांच्या हाती डोळ्यांना दिसणाऱ्या फटीपलीकडे पुरावा नव्हता. पुढे ही पद्धत बरीच मागे पडली.

मोजमापाचे युग :
अमेरिकेतील अँड्र्यू हास यांनी प्रथम डुकरांवर व नंतर रुग्णांवर अभ्यास केला आणि 1961 मध्ये टाळूचा संधी उघडत असल्याचे दाखवून ही पद्धत पुन्हा रूढ केली. डेन्मार्कमधील क्रेब्स यांनी हाडात बारीक धातूच्या खुणा बसवून केलेले दीर्घकालीन मोजमाप 1964 मध्ये प्रसिद्ध केले. दंतकमानीच्या एकूण रुंदीवाढीपैकी संधीच्या उघडण्याचा वाटा साधारण निम्माच असतो, उरलेली वाढ दाढा व त्यांभोवतीचे हाड बाहेर झुकल्याने होते, असे त्यातून दिसून आले. म्हणजे दोन्ही पक्षांचे म्हणणे अंशतः खरे होते. 1975 मध्ये बिर्टे मेलसन यांनी मानवी टाळूच्या ऊतींचा अभ्यास केला आणि वयानुसार हा संधी अधिकाधिक गुंतागुंतीचा होतो, हे स्पष्ट केले. त्यामुळे मोठ्या वयात दात झुकण्याचे प्रमाण वाढते. अस्थिगत विस्तारासाठी शस्त्रक्रियेचा किंवा अलीकडे हाडात बसवलेल्या सूक्ष्म स्क्रूंचा आधार घ्यावा लागतो.

अंबाजोगाईचा संदर्भ :
अंबाजोगाई येथे 1974 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. शासकीय दंत महाविद्यालय मात्र छत्रपती संभाजीनगर येथे, 200 किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. हा उपचार एका भेटीत संपत नाही. स्क्रू घरी ठरावीक क्रमाने फिरवावा लागतो, प्रत्येक पाव फेऱ्याला साधारण पाव मिलिमीटर विस्तार होतो. त्यानंतर नवे हाड तयार होईपर्यंत साधन काही महिने तोंडात ठेवावे लागते. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी काही महिने स्थलांतर करतात. अशा कुटुंबातील मुलांच्या बाबतीत नियमित तपासणीत खंड पडण्याचा आणि अनुकूल वय निघून जाण्याचा धोका उघड आहे.

समारोप :
एका शतकाच्या संशोधनाने या वादाचे उत्तर वयाशी जोडले आहे. दहाव्या-बाराव्या वर्षी साध्या साधनाने जे साध्य होते, त्यासाठी पंचविसाव्या वर्षी शस्त्रक्रिया लागू शकते. म्हणून ग्रामीण भागात शालेय दंततपासणी स्थलांतराच्या हंगामापूर्वी व्हावी आणि उपचाराचे वेळापत्रक त्या हंगामाशी जुळवले जावे. तसे झाले तरच या ज्ञानाचा लाभ ऊसतोड मजुरांच्या मुलांपर्यंत पोहोचेल.