जुनी टर्बो जर्मन स्पोर्ट्स कार घेताना : किंमत घसरते, खर्च घसरत नाही

रायपूर : नवी असताना साठ लाख रुपयांच्या घरात असलेली जर्मन स्पोर्ट्स कार आठ-दहा वर्षांनी निम्म्याहूनही बऱ्याच कमी किमतीत बाजारात दिसते. तेवढ्याच पैशांत एखादी नवी, साधी एसयूव्ही मिळत असते आणि इथेच अनेकांचा निश्चय डळमळतो. मात्र गाडीची किंमत उतरली, तरी तिच्या टर्बोचार्जरची, गिअरबॉक्सची, ब्रेकची किंमत उतरत नाही. ती साठ लाखांच्या गाडीचीच राहते. जुन्या गाडीची निवड करताना हा एक मुद्दा ध्यानात ठेवला, तर पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप मार्गी लागतात.

रायपुरातील जी. ई. रोडलगतची चौबे कॉलोनी ही शहरातील जुन्या निवासी वसाहतींपैकी एक. महाराष्ट्र मंडळाची वास्तू याच वसाहतीत असल्याने शहरातील मराठी समाजाचा येथे सतत राबता असतो. येथील ग्राहकाला अशी गाडी घ्यायची झाल्यास स्थानिक बाजारात पर्याय मोजकेच मिळतात. साहजिकच शोध नागपूर, पुणे, मुंबई किंवा दिल्लीकडे वळतो. गाडी परराज्यातून येणार म्हटल्यावर यंत्राइतकेच महत्त्व कागदपत्रांना येते.

टर्बोचार्जरची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. रस्त्यावरील जर्मन गाड्यांत ती ठळकपणे आली १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोमध्ये. त्यापाठोपाठ १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात पोर्श ९११ टर्बो सादर झाली. पुढे इंधनबचतीचे आणि उत्सर्जनाचे नियम कडक झाले, तसे टर्बो हे केवळ वेगाचे साधन उरले नाही. २०१५ मध्ये पोर्शने ९११ कॅरेराच्या साध्या आवृत्तीलाही दोन टर्बो बसवले. आज जुन्या बाजारात मिळणाऱ्या अलीकडच्या जर्मन स्पोर्ट्स गाड्यांपैकी बहुतेक टर्बोच आहेत.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोताने टर्बोचे चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र ताजी हवा दाबून इंजिनात भरते. या दांड्याची गती मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या पुढे जाते. पेट्रोल इंजिनात त्या वायूचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. एवढ्या वेगाने फिरणारा दांडा इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल वेळेवर बदलले नाही, स्वस्तातले वापरले किंवा त्याची पातळी खाली गेली, की पहिला फटका टर्बोला बसतो. रायपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा हवेत इंटरकूलर, रेडिएटर आणि शीतक द्रवाच्या नळ्या यांच्यावरचा ताण वाढतो. मुंबईच्या दमट पण तुलनेने सौम्य हवेत कुरकुर न करणारी गाडी येथे पहिल्याच उन्हाळ्यात तापू शकते.

म्हणून सर्व्हिस नोंदीत सर्वप्रथम ऑइल बदलाच्या तारखा पाहाव्यात. युरोपातील लांब मुदतीच्या वेळापत्रकावर विसंबून राहिलेल्या गाडीपेक्षा दर आठ-दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा ऑइल बदललेली गाडी केव्हाही चांगली. बिलावर केवळ ‘सिंथेटिक ऑइल’ असे लिहिलेले पुरेसे नाही. फोक्सवॅगन-आउडीसाठी ५०२ ००, बीएमडब्ल्यूसाठी लाँगलाइफ-०१, पोर्शसाठी ए४०, मर्सिडीजसाठी २२९.५ अशा उत्पादकांच्या मान्यता असतात. नेमकी कोणती लागू आहे, हे त्या गाडीच्या पुस्तिकेतच पाहावे लागते.

जुन्या भारतीय बाजारात या वर्गातील काही नावे वारंवार भेटतात. बीएमडब्ल्यू झेड-४ च्या २००९ नंतरच्या पिढीतील ३५आय या गाडीत तीन लिटरचे, दोन टर्बोंचे एन५४ इंजिन आहे. ओढ जबरदस्त, पण उच्चदाब इंधन पंपाच्या तक्रारींमुळे या इंजिनाच्या गाड्या कंपनीने अमेरिकेत २०१० मध्ये माघारी बोलावल्या होत्या. टर्बोच्या वेस्टगेटचा खडखडाट हीदेखील या इंजिनाची ओळखीची खूण आहे. शिवाय या गाडीचे घडीचे धातूचे छत चालवणारी हायड्रॉलिक यंत्रणा जुनी झाली की दुरुस्ती महागात पडते. व्यवहारापूर्वी छत चार-पाच वेळा उघडून-मिटून पाहावे.

२०१५ मध्ये भारतात आलेल्या तिसऱ्या पिढीच्या आउडी टीटीमध्ये दोन लिटरचे, २३० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी क्वाट्रो यंत्रणा आहे. या इंजिनकुळात (ईए८८८) २००८ ते २०१२ च्या सुमाराच्या गाड्यांत टायमिंग चेनचा ताणक आणि अति ऑइल पिणे या तक्रारी गाजल्या. तिसऱ्या पिढीत त्या बऱ्याच निवळल्या. आता पाहायची ती पाण्याच्या पंपाची गळती. ओल्या क्लचच्या सहा गतींच्या गिअरबॉक्सचे ऑइल साधारण ६० हजार किलोमीटरला बदलावे लागते. हे बिल फाइलमध्ये नसेल, तर किमतीत तेवढी घट मागणे रास्त ठरते.

पोर्श ७१८ केमन आणि बॉक्स्टर २०१७ पासून भारतात विकल्या गेल्या. आडव्या चार सिलिंडरांचे त्यांचे टर्बो इंजिन आवाजामुळे टीकेचे धनी झाले; चालवण्यात मात्र या गाड्यांना तोड नाही. पोर्शचे इंजिन किती वेळा मर्यादेपलीकडे फिरवले गेले, याची नोंद गाडीच्या संगणकात राहते आणि अधिकृत केंद्रात ती वाचता येते. विक्रेता ही तपासणी टाळत असेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा. पोर्शची अधिकृत केंद्रे देशातील मोजक्या महानगरांतच आहेत, हे रायपूरच्या ग्राहकाने गाडीच्या प्रेमात पडण्यापूर्वी लक्षात घेतलेले बरे. किरकोळ सेन्सर बिघडला तरी गाडी ट्रकवर चढवून दुसऱ्या राज्यात न्यावी लागणे हा हौसेचा मोठा कर आहे.

शुद्धतावाद्यांना रुचणार नाही; तरी रायपूरसारख्या शहरात २०२१ मध्ये आलेली बीएमडब्ल्यू एम३४०आय ही अधिक शहाणपणाची निवड ठरू शकते. ती चार दारांची आहे, चेन्नईच्या कारखान्यात जोडली जाते आणि तिचे तीन लिटरचे बी५८ इंजिन एन५४ पेक्षा निर्धास्त मानले जाते. आवाका लहान असेल, तर पुण्याजवळ चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहेच. २०१३ मध्ये आलेल्या या गाडीतील १.२ लिटरचे, १०५ अश्वशक्तीचे इंजिन उत्साही तरुणांनी डोक्यावर घेतले. तिचा सात गतींचा कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स मात्र उष्णता आणि संथ वाहतूक यांत कुरकुरतो. याच जातीच्या गिअरबॉक्ससाठी फोक्सवॅगनला २०१३ मध्ये चीनमध्ये लाखो गाड्या माघारी बोलवाव्या लागल्या होत्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के जाणवत असतील, तर ‘सॉफ्टवेअर अपडेट केले की जाईल’ या आश्वासनावर पैसे मोजू नयेत.

प्रत्यक्ष पाहणीला जाताना विक्रेत्याला गाडी आधी सुरू न करण्यास सांगावे. इंजिनावर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी आणि मगच चावी फिरवावी. चेनचा खळखळाट आणि सायलेन्सरमधून येणारा निळसर धूर थंड इंजिनातच उघडे पडतात. त्यानंतर किमान अर्धा तास, त्यातला काही वेळ मोकळ्या महामार्गावर गाडी चालवावी. थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत झडपांच्या मागे काजळी साचते. त्याने गाडी थंड असताना अडखळते. टायरच्या बाजूवरील चार अंकांतून निर्मितीचा आठवडा आणि वर्ष कळते. खोली शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा. अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांत रनफ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते. नागपूर-रायपूर मार्गावर साकोली-देवरीच्या पट्ट्यात असा टायर फाटला, तर त्याच मापाचा दुसरा मिळण्याची आशा धरू नये. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहणे अपरिहार्य आहे. उंच गतिरोधकांनी ऑइल सम्पवर केलेल्या जखमा वरून दिसत नाहीत.

इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवलेल्या, बाजाराच्या भाषेत ‘रिमॅप’ केलेल्या गाड्या या वर्गात पुष्कळ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. अशा गाडीचा विमा दावा अडचणीत येऊ शकतो. विक्रीपूर्वी मूळ प्रणाली परत भरली जाते. त्यामुळे तपासणी त्या कंपनीची प्रणाली जाणणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

इंधनाचाही विचार हवा. या इंजिनांना सहसा ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनचे पेट्रोल अपेक्षित असते. देशात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. दहा वर्षांपूर्वीची आयात गाडी एवढ्या मिश्रणासाठी बनलेली आहे का, हे इंधन टाकीच्या झाकणावरील पट्टीवरून किंवा पुस्तिकेवरून ताडून पाहावे.

कागदपत्रांत सर्वात मोठा धोका नावबदल रखडण्याचा. परराज्यातील गाडीसाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) लागते. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. कर्ज फिटले असल्यास नमुना ३५ आणि बँकेचे पत्र. खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरणाची नोंद करायची असते. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ छत्तीसगडमध्ये राहणार असेल, तर येथील क्रमांक घेणे बंधनकारक आहे. रायपूरसाठी तो सीजी ०४ ने सुरू होतो. त्यासाठी येथील कर नव्याने भरावा लागतो आणि मूळ राज्यातील उरलेल्या कराचा परतावा स्वतंत्रपणे मागावा लागतो. महागड्या गाडीच्या बाबतीत ही रक्कम किरकोळ नसते. सौदा ठरवण्यापूर्वीच परिवहन कार्यालयातून तिचा अंदाज घ्यावा.

हे टाळणाऱ्या विक्रेत्यासाठीही सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार हा निवाडा डोळे उघडणारा आहे. गाडी अनेक हातांतून गेली होती, परंतु नोंद पहिल्याच्याच नावावर होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावर ठेवली. विम्याचेही तसेच. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर जाते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण विमापत्र नावावर झाल्याशिवाय मिळत नाही. १९९५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ खरेदीदाराला मिळत नाही, हेही विक्रेते सहसा सांगत नाहीत.

दिल्ली परिसरात १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. ते आदेश पुढे बदलत गेले, तरी त्या भीतीने तेथील जुन्या आलिशान गाड्या स्वस्तात बाहेर पडत राहिल्या. अशा गाडीची नोंदणी १५ वर्षांच्या जवळ आली असेल, तर येथे योग्यता प्रमाणपत्र घेऊनच ती नव्याने करावी लागेल. पूर्ण आयात केलेल्या गाडीच्या बाबतीत सीमाशुल्काची कागदपत्रेही मागावीत. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने ‘ऑपरेशन नमखोर’ राबवून भूतानमार्गे बेकायदा आलेल्या आलिशान गाड्या जप्त केल्या, तेव्हा ताबा गेला तो त्या विकत घेतलेल्यांचाच.

व्यापाऱ्याकडून घेताना, एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार तो परिवहन कार्यालयाकडे अधिकृत आहे का, हे पाहावे. नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के जीएसटी आहे. दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारावर तो नाही. एवढे सारे जमल्यावरही गाडीच्या किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर एक पायरी खालची, पण कमी चाललेली गाडी घ्यावी.