दूरशिक्षणातील चाचण्या व मूल्यमापन

शिक्षक व विद्यार्थी एकमेकांसमोर नसताना अध्ययन कितपत झाले हे पाहण्यासाठी आणि ते पुढे नेण्यासाठी योजिलेल्या प्रश्नावल्या, स्वाध्याय व परीक्षा यांचा या विषयात अंतर्भाव होतो. दूरशिक्षण घेणारा विद्यार्थी बहुधा प्रौढ असतो. नोकरी, शेती वा संसार सांभाळून तो शिकतो आणि पुष्कळदा शालेय परीक्षेतील अपयशाची आठवण मनात ठेवूनच पुन्हा अभ्यासाकडे वळलेला असतो. वर्गातील शिक्षकाला विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरून जे कळते, ते दूर असलेल्या शिक्षकाला फक्त त्याच्या उत्तरांवरून कळू शकते. त्यामुळे येथे चाचणीवर दोन कामे पडतात : एक शिकविण्याचे व दुसरे पात्रता प्रमाणित करण्याचे. पहिल्यासाठी विद्यार्थ्याने आपली चूक निर्धास्तपणे उघड करणे आवश्यक असते. दुसऱ्यात चूक उघड होणे त्याच्या हिताचे नसते. ऑनलाइन अभ्यासक्रमांतील आजच्या प्रश्नावल्यांपर्यंतचा इतिहास हा मुख्यतः या ओढाताणीचा इतिहास आहे.

पत्रद्वारा शिक्षणाच्या आरंभी शिकविण्याचे काम प्रधान होते. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र पाठविण्याची सोय झाली, तेव्हा आयझाक पिटमन (१८१३–९७) याने टपालाने लघुलेखन शिकविण्यास सुरुवात केली. विद्यार्थी बायबलमधील उतारे लघुलिपीत लिहून पाठवीत व ते दुरुस्त होऊन परत येत. केवळ पाठ छापून विकण्यापेक्षा ही पद्धत वेगळी ठरली, ती या दुरुस्तीमुळे. याच्या अगदी उलट मार्ग लंडन विद्यापीठाने स्वीकारला. १८५८ च्या सनदेनंतर या विद्यापीठाच्या पदवी परीक्षा कोणत्याही महाविद्यालयात न शिकलेल्यांनाही खुल्या झाल्या. विद्यार्थ्याने कोठे व कसे अध्ययन केले, याची विद्यापीठ विचारपूस करीत नसे. ते फक्त परीक्षा घेई. असंख्य नोकरदारांना या व्यवस्थेने पदवीचे दार उघडून दिले हे खरे. परंतु उत्तरपत्रिकेतील चूक त्यांना समजावून सांगण्याची जबाबदारी तिने घेतली नव्हती. १८५७ मध्ये स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठेही लंडनच्याच नमुन्यावर परीक्षा घेणाऱ्या संस्था म्हणून उभी राहिली. भारतात परीक्षा हाच शिक्षणाचा कणा समजला गेला, त्याचे एक मूळ येथे सापडते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत बहुपर्यायी प्रश्न प्रचारात आला. उत्तर तपासताना परीक्षकाचे मत आड येऊ नये व वेळ वाचावा, हा त्यामागील हेतू. उत्तर ठरावीक जागी खुणेने दाखविता येऊ लागल्यावर ते यंत्राला तपासता येणे ही पुढची पायरी होती. १९३८ मध्ये आयबीएम कंपनीने बाजारात आणलेले यंत्र पेन्सिलीच्या खुणेतील ग्रॅफाइटमधून वाहणाऱ्या विजेवरून गुण मोजीत असे.

तथापि त्यापूर्वीच ओहायो राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी (१८८८–१९७९) याने यंत्राचा निराळा उपयोग दाखवून दिला होता. १९२६ साली त्याने वर्णन केलेल्या छोट्या यंत्राच्या खिडकीत एक प्रश्न व त्याची चार उत्तरे दिसत आणि विद्यार्थी चार कळींपैकी एक दाबी. यंत्र परीक्षेसाठी लावले, तर कोणतीही कळ दाबताच पुढचा प्रश्न येई व बरोबर उत्तरांची मोजणी आत होत राही. एक छोटा दांडा वर उचलला, की तेच यंत्र शिकवू लागे. बरोबर कळ दाबली जाईपर्यंत प्रश्न पुढे सरकत नसे. ठरावीक संख्येने बरोबर उत्तरे दिल्यास गोळी बाहेर टाकण्याचीही सोय प्रेसीने केली होती. प्रश्नावली तीच, यंत्र तेच. परंतु दांड्याच्या स्थितीप्रमाणे चुकीचा अर्थ बदलत असे. या लहानशा दांड्याचे महत्त्व त्या काळी फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. आर्थिक मंदीच्या वर्षांत यंत्राला ग्राहक मिळाले नाहीत व प्रेसीने हे काम सोडून दिले. योगायोग असा, की प्रौढशिक्षणाचा विचार नव्याने मांडणारा एड्वर्ड लिंडमन याचा प्रसिद्ध ग्रंथही १९२६ चाच. प्रौढांचे शिक्षण विषयापासून नव्हे, त्यांच्या जीवनातील प्रसंगांपासून सुरू व्हावे, असे त्याचे प्रतिपादन होते. या दोन विचारांची गाठ पडण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

बी. एफ्. स्किनर (१९०४–९०) याने १९५४ पासून प्रेसीची कल्पना पुढे नेली. पाठाचे अगदी लहान टप्पे पाडून विद्यार्थ्याची चूक शक्यतो होऊच द्यायची नाही, हे त्याच्या क्रमान्वित अध्ययनाचे सूत्र होते. प्रौढांच्या दृष्टीने नॉर्मन क्राउडर याची पद्धती अधिक उपयुक्त म्हणावी लागेल. अमेरिकन हवाई दलातील तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाच्या अनुभवातून त्याने शाखायुक्त पाठ रचले. त्याच्या पुस्तकात प्रत्येक पर्यायापुढे पृष्ठांक असे. चुकीचा पर्याय निवडणारा ज्या पृष्ठावर जाई, तेथे त्याची समजूत नेमकी कोठे घसरली हे सांगून त्याला मूळ प्रश्नाकडे परत पाठविले जाई. चूक टाळण्यापेक्षा तिचा उपयोग करून घेणारी ही रीत अनुभवी माणसाला मानवते, कारण तो कोऱ्या मनाने येत नाही. काही ग्रह बांधूनच येतो.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली व १९७१ च्या जानेवारीत सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांसह अध्यापन सुरू झाले. प्रवेशासाठी कोणतीही पूर्वपात्रता नव्हती. म्हणूनच पदवीचा दर्जा राखण्याचा सारा भार मूल्यमापनावर आला. विद्यापीठाने ही कामे वाटून दिली. पाठ्यपुस्तिकांत जागोजागी स्वतःस तपासण्याचे प्रश्न असत. त्यांची उत्तरे मागे छापलेली असत व त्यांना गुण नसत. अर्धवेळ मार्गदर्शकाने तपासावयाचे स्वाध्याय गुणांबरोबरच सविस्तर अभिप्रायासह परत येत, आणि मार्गदर्शकांच्या तपासणीचे नमुने विद्यापीठ पुन्हा पाहत असे. तिसरा प्रकार संगणकाने तपासावयाच्या स्वाध्यायांचा. खुणा केलेला कागद टपालाने जाई. गुण कळेपर्यंत विद्यार्थी मात्र पुढच्या पाठात शिरलेला असे. हा दोष ऑनलाइन प्रश्नावल्यांनी एकविसाव्या शतकात दूर केला. त्यांत बहुधा तीन वेळा प्रयत्न करता येतो : पहिल्या चुकीनंतर त्रोटक सूचना, दुसऱ्या चुकीनंतर संबंधित पाठ्यांशाचा निर्देश व अखेरीस उत्तराचे स्पष्टीकरण. प्रेसीच्या दांड्याला जणू मधली स्थाने मिळाली.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) व नासिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) यांनी स्वयंअध्ययनाची पुस्तके, अभ्यासकेंद्रे व स्वाध्याय यांची सांगड घातली. इंदिरा गांधी विद्यापीठात सामान्यतः स्वाध्यायांना ३० टक्के व सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार ठेवण्यात आला. स्वाध्यायामागील कल्पना पिटमनचीच होती. व्यवहारात मात्र तपासलेला स्वाध्याय परीक्षेपूर्वी हाती न येणे व तयार उत्तरे उतरवून काढणे, या तक्रारी वारंवार झाल्या. अभिप्राय उशिरा आला, की स्वाध्याय हा केवळ गुणांचा हप्ता बनतो, आणि हप्ता भरण्याचे सोपे मार्ग माणूस शोधतोच. यात विद्यार्थ्याच्या नीतिमत्तेपेक्षा व्यवस्थेचा दोष अधिक मानला पाहिजे.

२०११ मध्ये स्टॅनफर्ड येथील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमास सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदविली. पुढील वर्षी मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या विद्युत् मंडलांवरील अभ्यासक्रमास सुमारे १ लाख ५५ हजार नावे आली. प्रमाणपत्र ७,१५७ जणांना मिळाले. या आकड्यांवरून अपयशाची ओरड झाली. ती सर्वस्वी रास्त नव्हती. हवा तेवढा भाग शिकून निघून जाणे हा प्रौढाचा अधिकारच आहे. परंतु इतक्या संख्येला अभिप्राय लिहून देणे कोणत्याही शिक्षकवर्गाला अशक्य होते. त्यामुळे व्याख्यानाच्या मधोमध येणारे लहान प्रश्न, यंत्राने तपासलेल्या साप्ताहिक चाचण्या आणि विद्यार्थ्यांनी एकमेकांचे काम निकषांनुसार तपासणे या तीन उपायांवर भर देण्यात आला.

मधेच विचारलेल्या लहान प्रश्नाला मानसशास्त्राचा भक्कम आधार आहे. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा असला, तरी दोन बैठकांत आठवडा जाणाऱ्या नोकरदाराला त्याचा निष्कर्ष विशेष लागू पडतो. बहुपर्यायी प्रश्नांत मात्र एक धोका असतो. चुकीचा पर्याय निवडून पुढे गेलेल्याला तोच खरा म्हणून आठवू शकतो. लगेच दिलेला अभिप्राय हा धोका बराच कमी करतो. उत्तर न सांगता केवळ गुण दाखविणारी प्रश्नावली म्हणूनच निरुपद्रवी नव्हे.

भारतातील ‘एनपीटीईएल’ या उपक्रमाने २०१४ पासून व ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठाने २०१७ पासून ऑनलाइन अभ्यासक्रमांना प्रमाणपत्राची जोड दिली. एनपीटीईएलच्या साप्ताहिक स्वाध्यायांना २५ व केंद्रावर जाऊन देण्याच्या परीक्षेला ७५ गुण असतात. दोहोंत स्वतंत्रपणे किमान गुण मिळवावे लागतात. शिकणे घरी व सिद्ध करणे पर्यवेक्षकासमोर, अशी ही वाटणी आहे. २०२० च्या करोना साथीत परीक्षाही घरी आली. कॅमेऱ्यातून पाळत ठेवणाऱ्या संगणकप्रणालींचा वापर जगभर वाढला व तिच्याविरुद्ध आक्षेपही वाढले. एका खोलीत कुटुंबासह राहणाऱ्याला किंवा वीज व जोडणी भरवशाची नसणाऱ्याला, प्रामाणिक असूनही, तेथे संशयाचे धनी व्हावे लागे. २०२२ च्या अखेरीस मजकूर तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली, तेव्हा घरी लिहिलेल्या निबंधाची प्रमाण म्हणून असलेली किंमत घटली. लंडनच्या १८५८ च्या व्यवस्थेप्रमाणे पर्यवेक्षित परीक्षेचे वजन त्यामुळे पुन्हा वाढू लागले आहे. तालुक्याच्या गावाहून परीक्षाकेंद्रावर जाण्यासाठी एका दिवसाची मजुरी वा रजा मोडणाऱ्या विद्यार्थ्यावर त्याचा भार सर्वांत अधिक पडतो.