गिअरबॉक्समधला देवमासा

हर्मन मेलव्हिलची 'मोबी-डिक' ही कादंबरी १८५१ साली प्रसिद्ध झाली. तिच्या चौऱ्याण्णवाव्या प्रकरणात इश्माएल आपल्या सोबत्यांसह एका मोठ्या टबापाशी बसला आहे आणि देवमाशाच्या मस्तकातून काढलेल्या, गार होता होता गोठलेल्या तेलाच्या गुठळ्या हातांनी मोडतो आहे. साहित्याच्या अभ्यासकांना हे प्रकरण परिचित असते. त्यातल्या श्रमावर, सख्यभावावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या तेलाचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. केरोसिनचे दिवे आले आणि देवमाशाचे तेल इतिहासजमा झाले, असे गृहीत धरून आपण पान उलटतो. वस्तुतः ते विसाव्या शतकातही बराच काळ टिकून होते, आणि तेही अमेरिकी मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये. ते तेथे कसे पोचले, हे समजून घ्यायचे तर गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा इतिहास पाहावा लागतो. हा इतिहास यंत्राचा तर आहेच, पण यंत्राविषयीचे ज्ञान कोणाच्या हाती असावे याचाही आहे.

इंजिन एका ठरावीक वेगमर्यादेतच नीट ताकद देते. थांबलेली गाडी हलवायला मात्र जोर अधिक आणि वेग कमी लागतो. ही तफावत सांधण्याचे काम गिअरबॉक्स करतो. फ्रान्समध्ये एमिल लेव्हासोर याने १८९१ च्या सुमारास पानार-लेव्हासोर गाडीत जी मांडणी रूढ केली, तीत दातेरी चाके शाफ्टवर सरकवून एकमेकांत अडकवावी लागत. दोन्ही चाकांचा वेग जुळला नाही तर दात दातांवर आपटत. म्हणून चालकाला डबल क्लचची विद्या शिकावी लागे. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून ॲक्सिलरेटर द्यायचा, आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. नेमका क्षण कोणता, हे कान सांगत असे. चूक झाली तर ती साऱ्या रस्त्याला ऐकू जाई, आणि झिजलेल्या दातांचा चुरा तळाच्या तेलात सापडे. गाडी चालवणे आणि गाडी राखणे ही तेव्हा दोन वेगळी कामे नव्हती.

अमेरिकेत हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीने वेगळा मार्ग धरला. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. तिच्या गिअरबॉक्समध्ये ग्रहमालेसारखी रचना होती, म्हणजे मधल्या चाकाभोवती लहान चाके फिरत. पायाने पॅडल दाबले की एक पट्टा फिरत्या ड्रमला आवळून धरी आणि गिअर बदले. पट्ट्यांना आतून सुती अस्तर असे. ते झिजे, मग पट्टा निसटू लागे. मग झाकण उघडून स्क्रू आवळायचा, आणि आवळायला जागा उरली नाही की नवे अस्तर लावायचे. मालकांसाठी फोर्डने काढलेली पुस्तिका प्रश्नोत्तरांच्या रूपात होती. धर्मशिक्षणाच्या पाठाचा हा जुना घाट शेतकऱ्याला गिअरबॉक्स शिकवण्यासाठी वापरला जावा, ही गोष्ट वाङ्मयप्रकारांच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

या ज्ञानाचे वाङ्मयातले उत्तम चित्र जॉन स्टाइनबेकच्या 'कॅनरी रो' (१९४५) या कादंबरीत आहे. तीत बेडूक पकडायला निघालेली मंडळी मॉडेल टीच्या एका खिळखिळ्या ट्रकमधून जातात. चढावर ट्रक उलटा फिरवून रिव्हर्समध्ये चढवला जातो. हे निव्वळ विनोदासाठी रचलेले नाही. पुढच्या गिअरचा पट्टा झिजला असेल तर कमी झिजलेल्या रिव्हर्सने चढ गाठायचा, हा त्या काळच्या चालकांचा व्यवहार होता. गे हा पात्र म्हणून जो मेकॅनिक आहे, त्याचे शहाणपण पुस्तकी नाही. गाडीच्या खोडी ओळखण्यातून ते आलेले आहे.

मात्र स्टाइनबेक हे लिहीत होता तेव्हा ते ज्ञान मालकाच्या हातून निसटू लागले होते. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणले. दात जुळण्यापूर्वी शंकूच्या आकाराचे भाग घासून वेग सारखा करू लागले आणि डबल क्लचची गरज ओसरली. १९३९ साली, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी, जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला. त्यात ग्रहमाला पुन्हा आली, पट्टेही पुन्हा आले. पण आता ते चालकाच्या पायाने आवळले जात नव्हते, तेलाच्या दाबाने आवळले जात होते. चालकाचे कान आणि पाय जे काम करत, ते आता तेलावर सोपवले गेले.

या तेलाकडून परस्परविरोधी अपेक्षा होत्या. त्याने दातांना वंगण द्यायचे, दाब वाहून न्यायचा, उष्णता बाहेर काढायची, आणि तरीही पट्टे व क्लचच्या तबकड्या घसरू न देता, पण धक्काही न बसू देता पकडू द्यायच्या. हा तोल साधण्यासाठी खनिज तेलात जे मिसळले जाई, त्यात स्पर्म व्हेलचे तेल होते. रासायनिक दृष्ट्या ते तेल नव्हे, द्रवरूप मेण आहे. धातूच्या पृष्ठभागावर त्याचा पातळ थर चिकटून राहतो. हायवेवर गाडी अलगद दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाई, तेव्हा त्या अलगदपणात देवमाशाचा वाटा असे. गाडीत बसणाऱ्याला त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

१९७० साली अमेरिकी शासनाने स्पर्म व्हेलचा समावेश नष्टप्राय प्रजातींच्या यादीत केला आणि या तेलाची वाट बंद होत गेली. १९७३ च्या कायद्याने तो निर्बंध पक्का झाला. हा निर्णय योग्यच होता, पण नवे मिश्रण लगेच साधले नाही. १९७३ सालच्या एका नव्या तेलाने रेडिएटरमधल्या ऑइल कूलरचे सांधे खाल्ले आणि काही वर्षांत त्यात गंजरोधक घालावे लागले. कूलर फुटला की रेडिएटरचे पाणी गिअरबॉक्समध्ये शिरते, लाल तेल दुधाळ गुलाबी होते आणि तबकड्यांवरचे अस्तर सुटू लागते. समुद्रात चाललेल्या संहाराची किंमत आजवर कुठल्याच बिलात आली नव्हती. ती थांबवल्याची किंमत मात्र गॅरेजच्या बिलात दिसली.

अशा वेळी उपयोगी पडले ते मेकॅनिकचे वाचन. डिपस्टिक पुसून, पुन्हा बुडवून, पांढऱ्या कापडावर टेकवायची. तेल लाल आणि पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी असून जळका वास असेल तर तबकड्या घसरत आहेत. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. चमकते कण दिसले तर आतला धातू झिजतो आहे. बंद पेटीतली गोष्ट बाहेरून वाचण्याची ही पद्धत होती, आणि ती कोणत्याही मालकाला पाच मिनिटांत शिकता येत असे.

आज अनेक स्वयंचलित गाड्यांच्या गिअरबॉक्सला डिपस्टिकच नसते. तेल आयुष्यभर पुरेल असे उत्पादक सांगतात. कोणाच्या आयुष्यभर, हा प्रश्न जुने मेकॅनिक विचारतात आणि ठरावीक अंतराने तेल बदलण्याचा सल्ला देतात. सोयीला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. डबल क्लचच्या दिवसांविषयी हळहळण्याचेही कारण नाही. पण प्रत्येक सोयीबरोबर कुठले तरी श्रम आणि कुठला तरी जीव दृष्टीआड जातो, आणि तो कोणता हे विचारायचे तर पेटी उघडता यावी लागते. मेलव्हिलने दिव्याच्या उजेडामागचा टब आणि त्यात बुडालेले हात दाखवले. गिअरबॉक्समधल्या देवमाशाला तसा कादंबरीकार लाभला असो वा नसो, त्याची कथा तेलांच्या निकषांत, दुरुस्तीच्या पुस्तिकांत आणि गॅरेजमधल्या बोलण्यात विखुरलेली आहे. तीही वाचण्याची सवय आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लावून घ्यायला हवी.